मूलोद्योगात विशेष प्रगती

गोरेगाव,
ता. २२ नोव्हेंबर १९५४

चि. शामकला हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीची सुटी संपून आठ दिवस झाले आणि सातवीच्या बाकावर तुझी जागा अजून रिकामीच आहे. चिचगडला जाऊन शाळा विसरलीस, की घरच्यांनी धान कापायला धरून ठेवलं? कापणी असेल तर समजू शकते. पण साधा निरोपही पाठवू नये इतकी आळशी तू नाहीस.

शाळेच्या बागेत तुझ्यावाचून सगळा आनंदीआनंद आहे. मॉनिटर जागेश्वर पाणी देतो म्हणजे वाफ्याचा तलाव करतो. तू धानाच्या रोवण्यासारखी फुलकोबीच्या रोपांची मुळं शेणकाल्यात बुडवून, ओणवी होऊन, मागे मागे सरकत लावली होतीस, तेव्हा ही सगळी मुलं फिदीफिदी हसली होती. आज बागेत सरळ रांगा फक्त तुझ्याच आहेत. हेडमास्तर केशोराव गुरुजी पाहुण्यांना त्याच दाखवतात आणि श्रेय स्वतः घेतात. घेऊ देत.

बाजारात तुझे मामा दुलीचंदजी भेटले. मी विचारलं तर म्हणाले, "सुकरामजीचा निरोप हाय, पोरगी आता येत नाई." तुझ्या वडिलांचा एवढाच निरोप देऊन ते बैलाचे दात पाहू लागले. वर्षभर तू त्यांच्या घरी राहून शिकलीस, आणि त्यांना एवढंच सांगता येतं?

सातवीची परीक्षा ११ एप्रिलला आहे. पास झालीस की नॉर्मल स्कूलचा अर्ज मी स्वतः भरणार, म्हणजे तू मास्तरीण होशील. पण एक फेब्रुवारीपासून तू हजर नसशील तर हजेरी भरणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही. पुढल्या वर्षी सातवीत मुली घ्यायच्या की नाही याचाच इथं वाद चालू आहे, तेव्हा जे काय ते याच वर्षी.

सहामाही पत्रक दसऱ्याला तुझ्या वडिलांच्या नावे पाठवलं होतं. पोचलं असेलच.

तुझी,
शकुंतलाबाई

चिचगड,
ता. ३ डिसेंबर १९५४

ती. बाईंस,
शामकलाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा सगळे खळ्यावर होते, म्हणून पोस्टमननं ते माझ्याच हाती दिलं. मी तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. रागावू नका. यापुढे पत्र शेजारच्या रुख्मावहिनीच्या नावानं पाठवा. तिचं माहेर गोरेगावचं, त्यामुळे तिथला शिक्का पाहून कोणी काही म्हणत नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचायला ती मलाच हाक मारते.

बाई, माझ्या घरी काय चाललंय ते मलाच कळत नाही. दिवाळीला आले तेव्हा बाबा माझ्याशी बोललेच नाहीत. आई गेल्यापासून घर अनुसयाकाकूच्या हाती आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी काकूनं मला कोठ्यात नेलं, पदर बाजूला केला आणि माझं पोट दाबून पाहिलं. म्हणाली, "जेवन जाते का तुले? मळमळ तं नाई होत?" मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्या पाठोपाठ विहिरीवरसुद्धा येत होती. मी बाजूला बसले त्या दिवशी तिनं देवापुढे दिवा लावला. तेव्हा मला कळलं की यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस कोणाकडे वर बघवेना.

पण दिवा लावला म्हणून सुटका झाली नाही. खळं, विहीर आणि गोठा, एवढंच आता माझं गाव. घरामागच्या सांदवाडीत वांगी लावते म्हटलं तर काकू म्हणाली, "थ्याच बगीच्यानं नाव बुडवलन आमचं."

शाळेतून बाबांना कागद आला म्हणे. चुलतभाऊ गोवर्धनदादानं तो वाचून दाखवला. तो चौथी पास आहे आणि आख्ख्या मोहल्ल्याची पत्रं तोच वाचतो. कागदात काय आहे विचारलं तर बाबा म्हणतात, "तुले माईत हाय." मला खरंच माहीत नाही.

मला जागेश्वरचा संशय येतो. पाण्याच्या पाळीवरून आमचं भांडण झालं तेव्हा मी भरलेली झारी त्याच्या डोक्यावर रिकामी केली होती. तो म्हणाला होता, "तुझं नाव घरी पोचवतो." त्यानंच काहीतरी लिहिलं असणार. बाई, एवढं शोधून काढा. मला परीक्षेला बसायचंच आहे.

तुमची,
शामकला

गोरेगाव,
ता. १२ डिसेंबर १९५४

चि. शामकला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अन्न गोड लागेना. आई नसलेल्या पोरीला असं वागवतात का?

जागेश्वरला वर्गाबाहेर बोलावून विचारलं. बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, "बाई, मले पत्रच लिहिता येत नाई, तुम्हीच तं मार्क कापता." ते खरंच आहे, तेव्हा त्याला सोडून दे. झारीचं मात्र त्यानं मला आजवर सांगितलं नव्हतं, आणि ऐकून मला हसू आवरलं नाही.

कागदाचं म्हणशील तर शाळेतून सहामाही पत्रकाशिवाय काही गेलेलं नाही. त्यात सगळ्यांना चार चांगले शब्दच लिहिलेले असतात. कोणी लिहिलं याला फारसं महत्त्व नाही. तो कागद कसाही करून हाती घे आणि स्वतः वाच. मग पाहू.

तोवर गणिताचा अभ्यास चालू ठेव. व्याजाची उदाहरणं सोबत पाठवते आहे.

तुझी,
शकुंतलाबाई

चिचगड,
ता. २७ डिसेंबर १९५४

ती. बाईंस,
शामकलाचा नमस्कार.

कागद सापडला. बाबांनी तो धानाच्या ढोलीमागे खोचला होता. त्यात लिहिलं आहे, ते जसंच्या तसं उतरवते:

"कु. शामकला हिने मूलोद्योगात विशेष प्रगती केली आहे. शाळा सुटल्यावरही ती बागेत मुलांबरोबर आनंदाने रमते."

बाई, गोवर्धनदादाला मूलोद्योग म्हणजे काय ते कुठून माहीत असणार? चौथीच्या पुस्तकात तो शब्दच नाही. आपल्या बुनियादी शाळेत सूतकताईला आणि बागकामाला मूलोद्योग म्हणतात, हे चिचगडात कोणाच्या गावी नाही. दादाला तो जोडशब्द सलग वाचता आला नाही. त्यानं आधी 'मूल' वाचलं, मग 'उद्योग' वाचलं, आणि पुढे मुलांबरोबर बागेत रमते हे आलंच. काकूला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, दादा म्हणाला होता, "काका, मूल होयल असा उद्योग केलन पोरीनं, अन् शाळा म्हंते विशेष प्रगती हाय." ध चा मा म्हणतात तो असा.

मी आधी खूप हसले. हसता हसताच रडू आलं. मग धावत खळ्यावर जाऊन बाबांना अर्थ सांगितला. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कागद तुझ्याच बाबतीत हाय, अन् तूच वाचून रायली. कोन मानल?" आता यावर मी काय बोलू? घरात सगळ्यांत जास्त शिकलेली मी, आणि माझं वाचन तेवढं खोटं.

आणि अक्षर तुमचं आहे, बाई. ते मी अंधारातही ओळखीन. तुम्ही लिहिलं त्यात वाईट एक अक्षर नाही. मग मागच्या पत्रात "कोणी लिहिलं याला फारसं महत्त्व नाही" असं का लिहिलंत? मी उगाच जागेश्वरला शिव्या देत बसले.

खरी गोष्ट पुढेच आहे. बाबांनी माझं लग्न ठरवलं. गोंदियाचे शालीकराम म्हणून आहेत, रेलटोलीकडे त्यांची पाच एकर भाजीची बाडी आहे. त्यांचा मुलगा मुन्नालाल. तिथी फाल्गुनातली. मी अजून सोळाची नाही. म्हणून हात जोडून सांगते, केशोराव गुरुजींच्या सहीनं बाबांना एक कागद पाठवा. मूलोद्योग म्हणजे बागकाम, एवढी एकच ओळ. शाळेचा शिक्का असला तर बाबा मानतील.

तुमची,
शामकला

गोरेगाव,
ता. ५ जानेवारी १९५५

चि. शामकला हिस,
अनेक आशीर्वाद.

हो, अक्षर माझं आहे. तू कागदाचा उल्लेख केलास तेव्हाच मला ते पत्रक आठवलं होतं. एवढ्या कौतुकाच्या दोन ओळींतून कोणी काय वाचलं असेल ते कळेना, पण माझ्यामुळेच झालं हे कळलं, आणि ते लिहायला हात धजावला नाही. तुझ्यापासून लपवलं ही माझी चूक आहे.

केशोराव गुरुजींकडे मी दोनदा गेले. ते म्हणाले, "खुलासा करायचा म्हणजे तिथं खुलासा करण्यासारखं काही होतं, हे कबूल करायचं. शाळेनं यात पडू नये." मी म्हटलं, मग मी माझ्या सहीनं पाठवते. ते म्हणाले, "पाठवा. पण मुलंमुली शाळा सुटल्यावर बागेत एकत्र कोणाच्या परवानगीनं होती, हे विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

शामकला, तुला सगळं खरं सांगते. माझी नेमणूक अजून कायम नाही. मी बालविधवा, एकटी राहते, आणि मी मुलींना खुरपं देऊन मुलांच्या शेजारी बसवते म्हणून गावात आधीच कुजबुज आहे. ही नोकरी गेली तर दिराच्या दारात जाऊन भांडी घासावी लागतील. ते मी सहा वर्षं केलं आहे. पुन्हा करायची हिंमत माझ्यात नाही. कागद लिहायला घेतला आणि फाडला. मी भित्री आहे, दुसरा शब्द नाही.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. अभ्यास सोडू नकोस.

तुझी,
शकुंतलाबाई

चिचगड,
ता. २० जानेवारी १९५५

ती. बाईंस,
शामकलाचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, राग आला नाही. आता तर तो कागद नकोच आहे. कसं ते ऐका.

लग्न मोडलं!

गोवर्धनदादाच्या वाचनाची कीर्ती गोंदियापर्यंत पोचली. इथला गाडीवान कवडू धान घेऊन गिरणीवर गेला होता, त्यानं तिथं तोंड उघडलं. शालीकरामांचा निरोप आला की अशी मुलगी आम्हाला नको. बाबा दोन दिवस ओट्यावर डोक्याला हात लावून बसून होते. काकूनं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मामा आले. ते बाबांना म्हणाले, "आता कोनी करत नाई, तं घरी ठेवून का करतेस? शिकून मास्तरीन तरी होयल, आपलं पोट भरल." बाबा ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "ने."

एवढाच शब्द, बाई. मी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडून रडले. मामा एक फेब्रुवारीच्या आत मला घेऊन येणार आहेत, म्हणजे हजेरी भरते.

संक्रांतीला मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बायका मला पाहून पदर सावरतात. मला चालेल. ज्या बदनामीनं मला घरात कोंडलं, तिच्याच पायरीवर पाय ठेवून मी बाहेर पडते आहे. तेव्हा आता कोणालाही काही समजावून सांगू नका. लोकांना काय वाचायचं ते वाचू द्या.

व्याजाची उदाहरणं सगळी झाली. एक चुकलं आहे, ते आल्यावर विचारते.

तुमची,
शामकला

गोरेगाव,
ता. २३ जानेवारी १९५५, रविवार

चि. शामकला हिस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, आणि का असावं? पण आजचं पत्र वाचून तुझी बाई अगदीच भित्री नाही असं तू म्हणशील.

गुरुवारी बाजारात रुख्माच्या भावाकडून कळलं की तुझं लग्न मोडलं, आणि तेही त्या बदनामीपायी. बाकी तो काही सांगेना. मी लिहिलेल्या दोन ओळींनी एका मुलीचा जन्म वाया जायचा आणि मी नोकरी सांभाळत बसायचं? आज सकाळच्या मोटारीनं मी थेट गोंदियाला गेले आणि विचारत विचारत शालीकरामांच्या बाडीवर पोचले.

त्यांनी बाज टाकून मला बसवलं, चहा दिला. मी शाळेचं छापील पुस्तकच बरोबर नेलं होतं. त्यातलं 'मूलोद्योग : बागकाम' त्यांना बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, हा शब्द आहे, आणि तो मी लिहिला आहे. एकदा बोलायला लागले तशी थांबलेच नाही. तू रोवण्याच्या पद्धतीनं रोपं कशी लावतेस, तुझ्या फुलकोबीचा एक गड्डा परातीत मावला नाही, कीड लागली तर तू राख कशी फुंकतेस, सगळं सांगितलं. मुन्नालाल दारात उभा राहून ऐकत होता. शालीकराम म्हणाले, "बाईजी, हमको तो लोगांनी उलटंच सांगितलं. अच्छा झालं तुमी आल्या." निघताना त्यांनी मला पिशवीभर वांगी दिली.

तिथूनच तुझ्या वडिलांनाही सविस्तर पत्र टाकलं. शिक्का नाही, पण माझी सही आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शामकला, आता तुझ्या नावाला डाग नाही. मान वर करून राहा.

तुझी,
शकुंतलाबाई

गोरेगाव,
ता. २५ जानेवारी १९५५

चि. शामकला हिस,

तुझं वीस तारखेचं पत्र आज दुपारी रुख्माच्या भावानं आणून दिलं. ते वाचून मी वर्गात गेले आणि काय शिकवलं ते आठवत नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुझ्या वडिलांना जाऊन सांग, बाई खोटं बोलली. काहीही सांग. दुलीचंदजींकडे मी आत्ताच निघाले आहे, ते उद्याच तुला आणायला निघतील असं पाहते. तू तयार राहा.

शकुंतलाबाई

गोंदिया,
ता. ११ एप्रिल १९५५

ती. बाईंस,
शामकलाचा नमस्कार.

पत्राला इतके दिवस लागले, कारण इथं कागद मागितला की कशाला हवा ते सांगावं लागतं. आज सगळे बाजारात गेले आहेत आणि सासूबाई निजल्या आहेत.

मामा आले होते, पण त्यांच्या आदल्या दिवशी शालीकराम स्वतः चिचगडला येऊन गेले. तुमचं पत्र बाबांच्या हातात होतं. या वेळी त्यांनी ते दादाकडून नव्हे, पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं होतं. बाबांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मायं चुकलं, पोरी." तीन महिन्यांनी ते माझ्याशी नीट बोलले. मी म्हटलं, मग मला शाळेत जाऊ द्या. तर म्हणाले, "काम शिकली ना तू थेथं? चांगलं घर चालून आलं. आता परीक्षा कायले?" फाल्गुनातली तीच तिथी पुन्हा धरली.

इथं मला कोणी मारत नाही. पोटभर जेवायला मिळतं. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हमारी बहू गोबी की मास्टरनी है." पहाटेपासून झाकड पडेपर्यंत मी वाफ्यात असते, आणि पाच एकर म्हणजे किती ते आता मला कंबरेनं कळतं. बाजारात पुरुष जातात. मी काटेरी कुंपणाच्या आत. दिवसभर स्टेशनातल्या गाड्यांच्या शिट्या ऐकू येतात, पण अजून मी एकही गाडी पाहिलेली नाही. मुन्नालाल वाईट नाहीत. मी एकदा विचारलं, परीक्षेला गोरेगावला जाऊ का? म्हणाले, "बापू से पूछना पडेगा." त्यांनी विचारलं नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.

बाई, मला तुमचा राग आला आहे. खूप आला आहे, आणि तो लपवणार नाही. मी हात जोडून सांगितलं तेव्हा तुम्ही घाबरलात, आणि जेव्हा धीर आला तेव्हा मला विचारलं नाहीत. बाबांनी मला विचारलं नाही, काकूनं नाही, शालीकरामांनी नाही. त्यांच्याकडून माझी अपेक्षाही नव्हती. तुम्ही एका पत्राची वाट पाहायला हवी होती. तुम्ही त्या दिवशी तिथं जे जे बोललात ते सगळं खरं होतं, आणि तेवढ्यासाठीच त्यांनी मला आणलं. तुमची नोकरी राहिली असं रुख्मावहिनीच्या भावाकडून कळलं. बरं वाटलं. तेही खरंच लिहिते आहे.

आत्ता साडेअकरा झाले असतील. मराठीचा पेपर सुरू झाला असेल. जागेश्वर निबंधात अडकला असेल.

एक काम करा. सगळे पेपर संपले की प्रश्नपत्रिका मला टपालानं पाठवा. पत्ता मुन्नालालच्या नावाचा घाला, ते देतील. मी इथं वाफ्याच्या कडेला बसून घड्याळाशिवाय सोडवीन आणि तुमच्याकडे पाठवीन. तुम्ही लाल शाईनं तपासा. माझ्याकडे पाहून एकही मार्क वाढवू नका. मी पास झाले असते की नाही, ते मला कळलं पाहिजे.

शामकला